ढाल आणि उत्तर

न्यायाधीशांनी निकाल द्यावा आणि कायदे करणाऱ्यांनी कायदे करावेत, अशी कामाची वाटणी बहुतेक लोकशाही देशांत आहे. एरवी ही दोन्ही कामे आपापल्या वाटेने चालतात. परंतु कधी कधी न्यायालयाचा एखादा निकाल शेकडो घरांच्या उंबरठ्यावर जाऊन पडतो, आणि मग कायदे करणाऱ्यांना काहीतरी उत्तर द्यावेच लागते. ते उत्तर कसे असावे? निकालाने निर्माण झालेली अडचण दूर केली म्हणजे त्यांचे कर्तव्य संपले काय? की निकालाने जो प्रश्न उभा केला, तोही त्यांनी अंगावर घ्यावयास हवा? एका घडलेल्या प्रसंगाच्या आधारे आम्ही येथे याचा विचार करणार आहोत. प्रसंग दूरच्या अमेरिकेतील आहे. पण त्याच्या मुळाशी असलेले दुःख आपल्या मंडळ्यांतील कित्येक घरांच्या ओळखीचे आहे. ते दुःख मूल नसण्याचे आहे.

ज्याला आपल्याकडे ‘टेस्टट्यूब बेबी’ म्हणतात, तो उपचार आता नवा राहिलेला नाही. इंग्लंडमध्ये १९७८ साली या मार्गाने पहिले बालक जन्मास आले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी १९८६ साली असे बालक जन्मले. स्त्रीला इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक बीजे परिपक्व करतात, ती काढून घेऊन शरीराबाहेर त्यांचा पुरुषबीजाशी संयोग घडवून आणतात आणि तयार झालेला भ्रूण काही दिवसांनी मातेच्या उदरात ठेवतात. प्रत्येक भ्रूण रुजतोच असे नाही. स्त्रीला पुनःपुन्हा तो त्रास भोगावा लागू नये, म्हणून उरलेले भ्रूण द्रवरूप नायट्रोजनमध्ये, शून्याखाली १९६ अंश इतक्या थंडीत, गोठवून ठेवतात. आमचा प्रश्न याच गोठवलेल्या भ्रूणांविषयी आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेस अलाबामा नावाचे राज्य आहे. तेथील मोबील या बंदराच्या शहरात २०२० सालच्या डिसेंबरात एक विचित्र अपघात झाला. इस्पितळात दाखल असलेला एक रुग्ण फिरत फिरत भ्रूण साठविण्याच्या खोलीत शिरला आणि त्याने तेथील साठ्यात हात घालून काही भ्रूण बाहेर काढले. त्या भयंकर थंडीने त्याचा हात भाजला, हातातील वस्तू खाली पडल्या आणि भ्रूण नष्ट झाले. ते तीन दांपत्यांचे होते. या दांपत्यांना याच उपचाराने पूर्वी मुले झाली होती, आणि पुढील अपत्यांच्या आशेने त्यांनी उरलेले भ्रूण जपून ठेवले होते. साध्या दारातून एक परका माणूस आत गेला आणि ती आशा जमिनीवर सांडली.

दांपत्ये न्यायालयात गेली. अलाबामात १८७२ सालापासून एक कायदा आहे. कोणाच्या चुकीने अज्ञान मुलाचा मृत्यू झाला, तर आईबापांना दावा लावता येतो. आईच्या पोटातील बालकालाही हा कायदा लागू होतो, असे तेथील न्यायालयांनी पूर्वीच ठरविले होते. ‘आमचे भ्रूणही आमची मुलेच होती’ असे या दांपत्यांचे म्हणणे. खालच्या न्यायालयाने ते मानले नाही. परंतु १६ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. कायद्यात ‘मूल’ असा शब्द आहे, ते कोठे असावे याची अट नाही, म्हणून उदराबाहेरील भ्रूणही त्यात येतो, असा निकालाचा आशय होता. मुख्य न्यायाधीश टॉम पार्कर यांनी सहमतीचे स्वतंत्र निकालपत्र लिहिले. त्यात त्यांनी उत्पत्ती व यिर्मया यांतील वचने आणि थॉमस अक्वायनस व जॉन कॅल्व्हिन यांची मते यांचा आधार घेतला. न्यायमूर्ती ग्रेग कुक यांनी मात्र पूर्ण विरोध नोंदविला. १८७२ साली कायदा करणाऱ्यांच्या मनात अशी गोष्ट असणेच शक्य नव्हते, कायद्याचा विस्तार करणे हे विधिमंडळाचे काम आहे, आणि या निकालाने राज्यातील हा उपचारच बहुधा थांबेल, असे त्यांनी बजावले.

त्यांचे भय लवकरच खरे ठरले. अलाबामात अशा दाव्यातील रक्कम नुकसानभरपाई म्हणून ठरत नाही, शिक्षा म्हणून ठरते. म्हणजे एखादी काचेची नळी हातातून निसटली, तर डॉक्टरावर मुलाच्या मृत्यूबद्दल शिक्षेचा दावा! काही दिवसांतच बर्मिंगहॅम येथील विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयाने आणि इतर काही दवाखान्यांनी उपचार थांबविले. ज्यांची इंजेक्शने चालू होती, ज्यांचा भ्रूण उदरात ठेवण्याचा दिवस ठरला होता, अशा स्त्रियांना फोन गेले की येऊ नका. ज्या निकालाने भ्रूणाला ‘मूल’ म्हटले, त्याच निकालाने मुलाची वाट पाहणाऱ्यांचे दार बंद झाले.

आता कायदे करणाऱ्यांकडे वळू. विधिमंडळाने घाईघाईने विधेयक आणले आणि ६ मार्चच्या रात्री राज्याच्या गव्हर्नर के आयव्ही यांनी त्यावर सही केली. निकालापासून सहीपर्यंत एकोणीस दिवस! या कायद्याचा गाभा असा: हा उपचार देताना वा घेताना भ्रूणाची हानी झाली किंवा तो नष्ट झाला, तर उपचार देणाऱ्यावर वा घेणाऱ्यावर दिवाणी दावा अथवा फौजदारी खटला चालणार नाही. उपचाराला लागणारी साधने व द्रव्ये बनविणाऱ्यांवर दावा करता येईल, परंतु त्यांना दंडादाखल रक्कम पडणार नाही. मर्यादित भरपाई तेवढी द्यावी लागेल. जे दावे आधीच न्यायालयात होते, त्यांना कायद्याने हात लावला नाही. दवाखाने पुन्हा उघडले. वाट पाहणाऱ्या स्त्रियांनी सुटकेचा श्वास सोडला. याबद्दल त्या आमदारांना दोष देण्यास आम्ही तयार नाही. घराला आग लागली असता आधी पाणी ओतावे, वास्तुशास्त्राची चर्चा मागून करावी.

परंतु पाणी ओतून झाल्यावर काय उरले, हे पाहणे प्राप्त आहे. न्यायालयाने विचारलेला प्रश्न होता: हा भ्रूण कोण? विधिमंडळाने उत्तर दिले: कोणीही असो, त्याबद्दल दवाखान्याला जाब विचारता येणार नाही. ही ढाल झाली, उत्तर झाले नाही. भ्रूण मूल आहे असे कायद्याने म्हटले नाही, नाही असेही म्हटले नाही. मूळ प्रश्नाचा विचार पुढे करावा लागेल, असे काही आमदारच त्या वेळी म्हणत होते.

आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी. हा सारा खटला सुरू कोणी केला? तीन दुःखी दांपत्यांनी. त्यांचे काहीतरी अमोल असे दुसऱ्याच्या निष्काळजीपणाने गेले, आणि कोणीतरी त्याची दखल घ्यावी, एवढेच त्यांचे मागणे होते. पण एकोणीस दिवसांच्या त्या कायद्याने नेमकी तीच वाट पुढच्यांसाठी बंद केली. उद्या अलाबामात दुसऱ्या एखाद्या दवाखान्याचे दार उघडे राहिले आणि दुसऱ्या एखाद्या दांपत्याची आशा जमिनीवर सांडली, तर ते दार उघडे ठेवणाऱ्याला विचारावयाचे कोणी? न्यायालयाने त्या दुःखाला फार मोठे नाव दिले; विधिमंडळाने त्याला नावच ठेवले नाही. दोहोंच्या मध्ये ज्यांनी रडत रडत दार ठोठावले होते, ते मागे पडले. आमच्या मते या प्रकरणाचा सर्वांत मोठा धडा हाच आहे.

कोणी म्हणेल, घाई झाली म्हणून असे झाले. विचारपूर्वक, सावकाश कायदा करावा. खरे आहे. परंतु सावकाशीचेही एक पाप असते. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशात तेथील घटनात्मक न्यायालयाने २००० साली हा उपचार बंद पाडला. २०१२ साली अमेरिका खंडातील देशांच्या मानवी हक्क न्यायालयाने ती बंदी चूक ठरविली आणि उपचार सुरू करण्यास सांगितले. त्या देशाच्या विधिमंडळापुढे विधेयके आली, पण कायदा झाला नाही. शेवटी २०१५ साली राष्ट्राध्यक्षांना हुकूम काढावा लागला. मूल नसणाऱ्या स्त्रीच्या आयुष्यात पंधरा वर्षे म्हणजे किती, हे कोणाही आईला विचारावे.

आपल्या देशाकडे पाहिले तर हीच सावकाशी दिसते. बडोद्याच्या आमच्या वाचकांना आणंद शहर परके नाही. २००८ साली तेथे एका जपानी दांपत्यासाठी भारतीय स्त्रीने आपल्या उदरात वाढविलेले बाळ जन्मास आले. बाळ जन्मण्यापूर्वीच दांपत्याचा काडीमोड झाला होता. बाळाची आई कोण आणि त्याला कोणत्या देशाचा पासपोर्ट मिळावा, हे सांगणारा कायदा आपल्याकडे नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पुढल्या वर्षी विधी आयोगाने कायदा करावा असा अहवाल दिला. मसुद्यामागून मसुदे झाले. प्रत्यक्षात सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा आणि सरोगसीचा कायदा हे दोन्ही २०२१ साली मंजूर झाले आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. तिकडे एकोणीस दिवस, इकडे तेरा वर्षे!

तरी या कायद्यात एक गोष्ट अशी आहे की जी अलाबामाच्या कायद्यात नाही. आपल्या कायद्याने ‘भ्रूण म्हणजे मूल’ असे म्हटले नाही, तसे त्याला बाजारातील मालही मानले नाही. दवाखान्याची नोंदणी सक्तीची केली, दांपत्याची लेखी संमती आवश्यक केली, भ्रूण किती वर्षे ठेवावा याची दहा वर्षांची मर्यादा घातली आणि भ्रूणाची विक्री हा गुन्हा ठरविला. म्हणजे ‘हा कोण’ हे निश्चित सांगता आले नाही, तरी ‘याच्याशी कसे वागावे’ हे काही अंशी सांगितले. हे उत्तर अपुरे आहे, पण ते उत्तराच्या दिशेने आहे.

आपल्याकडेही कायद्याचे टोक माणसाला बोचल्याशिवाय राहिले नाही. मार्च २०२३ मध्ये सरोगसीच्या नियमांत बदल करून दुसऱ्याचे बीज घेण्यास मनाई केली गेली. जन्मजात व्याधीमुळे जिच्या शरीरात स्त्रीबीज तयार होऊ शकत नव्हते, अशी एक विवाहिता सर्वोच्च न्यायालयात गेली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यायालयाने तिच्यापुरता तो नियम रोखून धरला. त्यानंतर २१ फेब्रुवारी २०२४ रोजी, म्हणजे अलाबामाच्या निकालानंतर पाचच दिवसांनी, केंद्र सरकारने नियम बदलला. जिल्हा वैद्यकीय मंडळाने व्याधीचा दाखला दिल्यास दोहोंपैकी एकाचे बीज दुसऱ्याकडून घेण्यास मुभा मिळाली. पुढे वयाच्या अटीचा प्रश्न आला. कायदा लागू होण्यापूर्वीच भ्रूण गोठवून ठेवलेल्या दांपत्यांना ती नवी अट लावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ठरविले. दोन्ही वेळा एका घरचे दुःख न्यायालयापुढे आले आणि कायद्याला आपले बोलणे पुन्हा तपासावे लागले. यात कायद्याची नामुष्की आहे असे आम्ही मानीत नाही.

कारण पवित्र शास्त्रात याचा एक सुंदर दाखला आहे. गणनाच्या पुस्तकात सलाफहादाच्या पाच कन्यांची हकीकत आहे. बाप वारला, भाऊ नाही, आणि चालू नियमाप्रमाणे मुलींना वतन नाही. त्या मोशे, एलाजार याजक आणि सारी मंडळी यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि आपले गाऱ्हाणे त्यांनी उघडपणे मांडले. मोशेने त्यांना घालवून दिले नाही आणि घाईने तोंडी निर्णयही दिला नाही. त्याने ते प्रकरण परमेश्वरापुढे नेले. मुलींचे म्हणणे रास्त आहे असा निवाडा मिळाला आणि तो त्या पाच जणींपुरता न राहता सर्व इस्राएलासाठी विधी झाला. गोष्ट येथे संपत नाही. त्याच पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात वंशाचे वडील पुढे येतात: या मुली दुसऱ्या वंशात दिल्या तर वतन इकडचे तिकडे जाईल. तेव्हा त्या विधीला आणखी एक कलम जोडले गेले. पण मुलींचा हक्क काढून घेतला गेला नाही. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हे दोन अध्याय जोडून शिकवावेत. दुःखिताचे गाऱ्हाणे सर्वांसमोर ऐकणे, ते देवापुढे नेणे, सर्वांसाठी नियम करणे, नवी अडचण आल्यास तो सुधारणे, आणि हे करताना ज्याने प्रथम दार ठोठावले त्याला न विसरणे, हा कायदे करणाऱ्यांचा धर्म तेथे दिसतो. अलाबामात शेवटची गोष्ट राहून गेली.

आता पार्कर यांच्या निकालपत्राविषयी. शास्त्रवचनांचा आधार घेणारा न्यायाधीश पाहून काहींना आनंद झाला असेल, काहींना संकोच. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे आणि उदरात घडण्यापूर्वीही देव त्याला ओळखतो, हे आपण सारे मानतो. पण त्या विश्वासापासून गोठवलेल्या भ्रूणाविषयीच्या कायद्यापर्यंत सरळ सडक नाही. ख्रिस्ती लोकांतच येथे मतभेद आहेत. रोमन कॅथलिक मंडळीने १९८७ साली हा उपचारच अयोग्य ठरविला. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत अनेक मते आहेत. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या २०२४ सालच्या जूनमधील सभेने मूल नसणाऱ्यांविषयी कळवळा व्यक्त केला, आणि भ्रूण नष्ट होतील अशा पद्धतींपासून दूर राहावे असे सांगितले.

आमचे मत विचाराल तर असे. भ्रूण ही वस्तू नव्हे. तिला आईबाप आहेत, आणि देवाच्या हेतूचा धागा तिच्यात असू शकतो. म्हणून गरजेपुरतेच भ्रूण तयार करावेत, जे ठेवले ते डोळ्यांत तेल घालून जपावेत, आणि त्यांचे पुढे काय करावयाचे हे पतिपत्नींनी आधीच प्रार्थनापूर्वक ठरवावे. पण ज्या स्त्रीने वेदना सोसून हे सारे अपत्याच्या प्रेमापोटी केले, तिच्याकडे आणि तिच्या डॉक्टराकडे संशयित गुन्हेगार म्हणून पाहणे हेही ख्रिस्ताच्या मनाला धरून नाही. कायद्याला ‘मूल’ आणि ‘माल’ यांच्या मधला शब्द सापडत नसेल, तर त्याने निदान कर्तव्ये सांगावीत: दाराला कुलूप कोणी लावावे, मोजदाद कोणी ठेवावी, आणि हलगर्जी झाली तर आईबापांपुढे उभे राहून उत्तर कोणी द्यावे. चुकीबद्दल माफक जबाबदारी ठेवल्याने उपचार बंद पडत नाही. शिक्षेचे भूत आणि सर्वस्वी मोकळीक यांच्या मध्ये पुष्कळ जागा आहे. तेथे उभे राहणे अवघड असते, आणि लोकांनी त्यासाठीच प्रतिनिधी निवडलेले असतात.

वाचक विचारतील, आम्ही काही आमदार नाही; यातून आम्ही काय घ्यावे? मंडळीतही न्यायासने असतात आणि तेथे रोज निकाल लागतात. उपासना सुटल्यावर पायरीवर कोणी विचारते, ‘काय गं, गोड बातमी कधी?’ बारशाला कोणाला पुढे बोलवावे आणि कोणाला मागे ठेवावे, हे न बोलता ठरते. हन्ना मंदिरात मुकाट्याने ओठ हलवीत रडत होती, तेव्हा एली याजकाने तिला मद्य प्यालेली समजून तिचा निकाल लावला. एलीची थोरवी एवढीच की तिने उत्तर दिल्यावर त्याने ते ऐकले आणि आपला शब्द बदलून तिला आशीर्वाद दिला. निकाल देणारा आणि निकाल सुधारणारा, दोघेही एकाच माणसात असू शकतात. असा एली प्रत्येक मंडळीला हवा आहे.

शिक्षकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. तुमच्या वर्गात उपचाराने जन्मलेले मूल असेल, दत्तक आलेले मूलही असेल. आपल्या ख्रिस्ती समाजाला पुष्कळ काळ कायद्याने पूर्ण दत्तकाची सोय नव्हती. १८९० च्या कायद्याखाली केवळ पालकत्व मिळे. बाल न्याय कायद्याने २००० साली आणि त्याच्या २००६ सालच्या दुरुस्तीने ती वाट स्पष्ट झाली. म्हणून ‘खरे मूल’ आणि ‘घेतलेले मूल’ असे शब्द वर्गात येऊ देऊ नयेत. आपण सारेच देवाच्या घरात दत्तक आलेलो आहोत, हा तर पौलाच्या शिकवणीचा गाभा आहे. आणि ज्यांच्या घरी कोणत्याच वाटेने मूल आले नाही, त्यांचे घर अपुरे आहे असेही आपल्या धड्यांतून कधी ध्वनित होऊ नये.

कायदे करणाऱ्यांसाठी आपण रविवारच्या उपासनेत प्रार्थना करतो. ती करताना इतके मागावे, की निकालाच्या आवाजाने त्यांनी केवळ ढाली शोधू नयेत. दाराशी प्रथम कोण रडत आले होते, हे त्यांनी विसरू नये. आणि तीच प्रार्थना आपण स्वतःसाठीही करावी. कारण विधिमंडळाचे दार दूर असते. मंडळीचे दार जवळ असते, आणि ज्याला कायद्याने उत्तर दिले नाही, तो पुष्कळदा त्याच दाराशी येऊन उभा राहतो.